मॅजिस्ट्रेटसमोरचा कबुलीजबाब : सेवा कशी मिळते, कुठे अडते

कोर्टाच्या आवारात आजही सगळे 'एकशे चौसष्टचा जबाब'च म्हणतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलम १६४ चं कलम १८३ झालं, पण पोलीस, वकील, शिरस्तेदार सगळ्यांच्या तोंडी जुनाच आकडा बसलाय. या कलमाखाली साक्षीदाराचाही जबाब होतो आणि आरोपीचा कबुलीजबाबही. दोन्हींत गल्लत करू नका. साक्षीदाराला शपथ देतात, आरोपीला देत नाहीत. हे परीक्षण फक्त आरोपीच्या कबुलीजबाबाचं आहे.

आधी मत सांगतो. नियम म्हणून ही व्यवस्था फार विचारपूर्वक बांधलेली आहे, पाचपैकी साडेचार द्यावेत इतकी. प्रत्यक्षात ती किती चांगली मिळते हे एकाच गोष्टीवर ठरतं : मॅजिस्ट्रेटने वेळ दिला की नाही. आरोपीला यासाठी एक पैसाही लागत नाही. लागतो तो वेळ, आणि नेमका तोच आखडता घेतला जातो.

ही सोय मुळात हवीच कशाला? कारण पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ आणि २६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पोलीस ठाण्यात आरोपीने दहा पानं भरून सगळं कबूल केलं, खाली सही केली, तरी ती दहा पानं कबुली म्हणून शून्य. आरोपी स्वतःच ठाण्यात जाऊन 'मी मारलं' म्हणून फिर्याद देतो, तेव्हा त्या एफआयआरमधला कबुलीचा भागही बाद होतो. हे सुप्रीम कोर्टाने १९६५ मध्ये अघनू नागेसिया खटल्यात सांगितलं. म्हणून तपास अधिकारी आरोपीला मॅजिस्ट्रेटकडे आणतो.

आता पहिली फेरी. तपास अधिकारी लेखी विनंती करतो. नव्या कलमाप्रमाणे, ज्या जिल्ह्यात गुन्हा नोंदवला त्या जिल्ह्यातला कुठलाही मॅजिस्ट्रेट कबुलीजबाब घेऊ शकतो, खटला चालवायचा अधिकार त्याला असो वा नसो. त्या प्रकरणाच्या रिमांडशी ज्याचा संबंध आलेला नाही असा मॅजिस्ट्रेट असेल तर सगळ्यात उत्तम. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कोर्टांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं क्रिमिनल मॅन्युअल आहे, त्यात या कामाच्या सविस्तर सूचना आहेत. हे काम शक्यतो कोर्टाच्या वेळात, खुल्या कोर्टात करायचं; वेगळं काही करावं लागलं तर कारण लिहून ठेवायचं.

आरोपी आत आला की आधी बेड्या काढायच्या. पोलिसांना बाहेर घालवायचं, आणि 'बाहेर' म्हणजे दाराच्या चौकटीपलीकडे नव्हे. आरोपीला ते दिसता कामा नयेत आणि त्यांना आतलं ऐकू जाता कामा नये. यावर सगळ्यात बोलकं उदाहरण १९५७ च्या सरवण सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालातलं. आरोपीला विचार करायला जेमतेम अर्धा तास दिला होता, आणि कबुलीजबाब चालू असताना त्याला घेऊन आलेला फौजदार बाहेर व्हरांड्यात उभा होता. सुप्रीम कोर्टाने तो कबुलीजबाब ऐच्छिक मानला नाही. कोर्ट हॉलच्या झुलत्या अर्ध्या दाराखालून खाकी पँट आणि तपकिरी बूट दिसत असले की आतल्या माणसाला काय वाटतं, हे ज्याने कोठडीत चार दिवस काढलेत त्याला समजावून सांगावं लागत नाही.

मग प्रश्न. मॅजिस्ट्रेटने आधी स्वतः कोण ते सांगायचं : मी पोलीस नाही, मॅजिस्ट्रेट आहे, समजलं का? पोलिसांच्या ताब्यात कधीपासून आहात, कुठे ठेवलं होतं? कोणी मारलं, धमकी दिली, उपाशी ठेवलं का? कबूल केलं तर सोडू, माफीचा साक्षीदार करू, असं कोणी म्हणालं का? अंगावर कुठे मार आहे का? हे नुसतं विचारून भागत नाही, बघायला हवं. मार दिसला तर तो कशाने झाला ते विचारून लिहायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. मग तीन गोष्टी समजावायच्या. तुम्ही कबुलीजबाब द्यायला बांधील नाही. दिलात तर तो तुमच्याचविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाईल. आणि द्यायचा नाही म्हणालात तरी मी तुम्हाला पोलीस कोठडीत परत पाठवणार नाही. ही तिसरी गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे, आणि आरोपीच्या दृष्टीने पूर्ण कलमात सगळ्यात मोलाची तीच. नकाराची किंमत म्हणून पुन्हा त्याच ठाण्यात जावं लागणार असेल, तर होकाराला अर्थ उरत नाही.

या प्रश्नांत एक प्रश्न इतरांपेक्षा जास्त काम करतो : 'कबुलीजबाब का द्यावासा वाटतो?' याचं उत्तर वाचलं की बाकीच्या पानांचं वजन कळतं. 'मला माझ्या कृत्याचा पश्चात्ताप झाल्याने मी स्वखुशीने कबुलीजबाब देत आहे' असं उत्तर वीटभट्टीवरच्या मजुराच्या तोंडी लिहिलेलं दिसलं, तर तो मजूर बोललेला नाही, छापील नमुना बोललाय. माणूस असा बोलत नाही. 'झोप लागत नाही', 'त्याच्या पोरीचं तोंड दिसतं', 'घरच्यांना उगाच धरलंय, त्यांना सोडा' असलं काहीतरी तो म्हणतो. यातलं शेवटचं उत्तर आलं की मॅजिस्ट्रेटने तिथेच थांबून पुढचं विचारायला हवं, कारण घरच्यांना धरून ठेवणं हाही दबावच आहे.

पहिली फेरी इथे संपायला हवी. त्या दिवशी कबुलीजबाब लिहायचा नाही.

या व्यवस्थेचा खरा माल म्हणजे मधले चोवीस तास. सरवण सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की विचार करायला साधारणपणे निदान २४ तास द्यावेत. कलमात हा आकडा नाही, तो निकालातून आला आणि कामाच्या रीतीत रुजला. आरोपीला न्यायालयीन कोठडीत, म्हणजे जेलमध्ये पाठवायचं, पोलीस लॉकअपमध्ये नाही. जेलच्या वॉरंटवर स्पष्ट शेरा हवा : याला सहआरोपींपासून वेगळं ठेवावं, तपासातल्या कुठल्याही पोलिसाला भेटू देऊ नये. हा शेरा विसरला तर चोवीस तास दिल्याचा उपयोग अर्धा होतो, कारण ती रात्र कोणाच्या सोबतीत गेली हे नंतर सांगता येत नाही. भीती ही अंगातून हळूहळू उतरणारी गोष्ट आहे. पहिल्या दुपारी जो माणूस प्रत्येक प्रश्नाला मान हलवतो, तोच एक रात्र पोलिसांपासून लांब काढल्यावर 'मला काही सांगायचं नाही' म्हणू शकतो. तो असं म्हणाला तर मॅजिस्ट्रेटने तसं लिहायचं आणि विषय संपवायचा. माझ्या लेखी तो ही व्यवस्था नीट चालल्याचा पुरावाच.

दुसऱ्या फेरीला आरोपी जेलमधून येतो. आणणारे पोलीस तपासातले नसावेत. पुन्हा सगळे प्रश्न, पुन्हा सगळ्या सूचना, जणू कालचा दिवस झालाच नाही. मॅजिस्ट्रेटची खात्री पटली तरच पुढे जायचं. मग आरोपीला त्याच्या शब्दांत बोलू द्यायचं, त्याच्याच भाषेत लिहायचं. ते शक्य नसेल तर कोर्टाच्या भाषेत. विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर पूर्ण लिहायला हवं. शेवटी वाचून दाखवायचं, दुरुस्ती सुचवली तर करायची, आरोपीची सही किंवा अंगठा घ्यायचा. खाली मॅजिस्ट्रेटचं प्रमाणपत्र येतं : बांधील नसल्याचं समजावलं, विरुद्ध वापरला जाईल हे सांगितलं, स्वेच्छेने दिला असं मला वाटतं, माझ्यासमोर व माझ्या ऐकण्यात घेतला, वाचून दाखवला, त्याने बरोबर असल्याचं मान्य केलं. हे सगळं मोहोरबंद करून खटला चालवणाऱ्या कोर्टाकडे जातं.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्रात हलका घेतला जातो. गडचिरोलीतला माडिया बोलणारा, नंदुरबारचा भिली बोलणारा किंवा मुंबईत कामाला आलेला ओडिया माणूस प्रमाण मराठीत 'सदर इसमास मी ठार केले' म्हणत नाही. दुभाषा वापरला तर तो कोण, त्याला भाषा कशी येते आणि तो पोलिसांचा माणूस नाही ना, हे लिहिलेलं हवं. 'मारलं' या एका शब्दात चापट मारण्यापासून जीव घेण्यापर्यंत सगळं येतं. आरोपीने वापरलेलं क्रियापद जसंच्या तसं कागदावर नसेल, तर कबुली नेमकी कशाची हेच ठरत नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, १९३९ च्या पाकला नारायण स्वामी खटल्यात हेच सांगितलं : गुन्हा, किंवा गुन्हा ठरवणारी जवळजवळ सगळी तथ्यं स्पष्टपणे मान्य केली असतील तरच तो कबुलीजबाब. 'सुरा माझा आहे' ही कबुली नव्हे. आणि 'मी मारलं, पण तो अंगावर धावून आला म्हणून' यातला पहिला अर्धा उचलून दुसरा टाकून देता येत नाही, हे १९५२ च्या पलविंदर कौर निकालापासून पक्कं आहे.

बिघाड कुठे होतो? सगळ्यात जास्त घाईत. एकाच दुपारी दोन्ही फेऱ्या उरकणं, प्रश्नांपुढे 'होय', 'नाही', 'समजले' अशी एकसारखी उत्तरं, प्रमाणपत्र आधीच छापलेलं आणि त्यात नुसतं नाव भरलेलं. लिहिण्यातली चूक असेल, म्हणजे सूचना दिली होती पण नोंद राहिली, तर मॅजिस्ट्रेटची साक्ष घेऊन ती भरून काढायची तरतूद कायद्यात आहे. सूचना दिलीच नाही, तर मात्र साक्ष घेऊनही उपयोग नाही. आणि रीतसर लिहूनच घेतलं नसेल, तर 'त्याने माझ्यासमोर कबूल केलं' एवढं मॅजिस्ट्रेटने साक्षीत तोंडी सांगून भागत नाही. १९३६ च्या नझीर अहमद निकालाने तो रस्ता बंद केला : जे काम ज्या पद्धतीने करायला सांगितलंय ते त्याच पद्धतीने करायचं, नाहीतर करायचंच नाही.

दुसरा बिघाड वकील न मिळण्याचा. २६/११ च्या खटल्यातल्या अजमल कसाबचा कबुलीजबाब फेब्रुवारी २००९ मध्ये मुंबईत मॅजिस्ट्रेटनेच घेतला, आणि त्या प्रकरणातही मध्ये विचाराला वेळ दिला होता. सुप्रीम कोर्टाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात तो ऐच्छिक मानला. त्याच निकालाने पुढच्या सगळ्या आरोपींसाठी एक गोष्ट पक्की केली : आरोपी पहिल्यांदा ज्या मॅजिस्ट्रेटपुढे येतो, त्याने वकिलाचा हक्क सांगायलाच हवा, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल हेही. प्रत्येक तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथून वकील मिळतो. हे कानावर न घालता कबुलीजबाब घेतला असेल तर बचावाच्या वकिलाने आधी त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद, काढावी.

कबुलीजबाब आवाज आणि चित्रासह नोंदवता येतो, तोही आरोपीच्या वकिलासमोर. ही सोय २००९ पासून आहे, नव्या संहितेतही ठेवली आहे. सोय खूप चांगली आहे, वापर सक्तीचा नाही. कॅमेऱ्याने एक मोठा फरक पडतो : मॅजिस्ट्रेटचे प्रश्न कोणत्या सुरात विचारले गेले आणि आरोपी उत्तराआधी किती वेळ गप्प राहिला, हे दिसतं. कागदावर गप्प राहणं दिसत नाही. कॅमेरा आरोपीच्या चेहऱ्यावर रोखलेला नको, पूर्ण खोली आणि दार दिसेल असा हवा. आत कोण होतं, हा वाद मग उरत नाही.

महाराष्ट्रात याच्या शेजारी दुसरी सोयही आहे : मकोका, म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. त्याच्या कलम १८ खाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, मुंबईत म्हणजे उपायुक्ताने घेतलेली कबुली चालते, आणि त्याच खटल्यातल्या सहआरोपीविरुद्धही चालते. मग आरोपीला विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं, छळाची तक्रार आली तर सहायक सिव्हिल सर्जनपेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या सरकारी डॉक्टरकडून तपासणी करायची. संघटित गुन्हेगारीत साक्षीदार पुढे येत नाहीत हे खरं, तरीही तपास करणाऱ्या दलाच्याच हाती कबुलीची लेखणी देणं मला पटत नाही. या मार्गाला पाचपैकी दोन, आणि तेही वैद्यकीय तपासणीच्या अटीमुळे.

'मेमोरँडम पंचनामा' हा तिसरा मार्ग. आरोपी पोलिसांना पंचांसमोर म्हणतो, 'सुरा पुरून ठेवलाय, काढून देतो,' आणि सुरा निघतो. १९४६ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालाने सीमा आखली : वस्तू शोधायला कारण ठरलेला तेवढाच भाग चालतो. 'ज्याने मी अमक्याला भोसकलं' हे शेपूट गळून पडतं. तरीही पंचनाम्यांत ते शेपूट दर वेळी लिहिलेलं सापडतं. ते खोडून वाचायची सवय लावून घ्या.

चर्चमधलं पापनिवेदन ही याच्याशी सर्वात जवळची, आणि तरी नेमकी उलटी सेवा. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात, वसईच्या चर्चमध्ये प्रायश्चित्त संस्कार. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने कॅथलिकांना वर्षातून निदान एकदा ते बंधनकारक केलं. क्रम ठरलेला आहे : आधी एकट्याने बसून मनाची झडती, मग पश्चात्ताप, मग धर्मगुरूसमोर उच्चार, त्याने सांगितलेलं प्रायश्चित्त आणि क्षमा. मध्ये लाकडी जाळी असते, चेहरा न दाखवता बोलता यावं म्हणून. कॅनन कायद्याने ती जाळी ठेवायलाच सांगितली आहे. सगळ्यात कडक नियम गुप्ततेचा. कॅनन ९८३ प्रमाणे धर्मगुरूने ऐकलेलं कोणत्याही कारणाने उघड करायचं नाही. मॅजिस्ट्रेटसमोर नेमकं याच्या उलट : बोललेला प्रत्येक शब्द कोर्टात उघडण्यासाठीच लिहिला जातो. भारतीय कायद्यात पती-पत्नीतल्या आणि वकील-अशिलातल्या बोलण्याला संरक्षण आहे; धर्मगुरूचं नाव त्या कलमांत नाही. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी : बोलण्याआधी एकट्याने घालवलेला वेळ. मनाची झडती वगळून जाळीसमोर जाऊन बसलं तर पाठ केलेली यादी म्हणून होते, आणि चोवीस तास वगळले तर छापील नमुना भरला जातो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही पापमुक्तीच्या मार्गांत 'ख्यापन', म्हणजे केलेलं उघड सांगणं, अनुतापाच्या शेजारी ठेवलंय.

घरात आपण हे सगळे नियम रोज मोडतो. 'खरं सांगितलंस तर मारणार नाही' हे प्रत्येक घरातलं वाक्य. अधिकार असलेल्या माणसाने आमिष दाखवून घेतलेली कबुली, जी साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे कोर्टात चालली नसती. घरात त्याने कोणाचं बिघडत नाही. बिघडतं ते दुकानात, सोसायटीत, कचेरीत. चोरीचा संशय आला की कोऱ्या कागदावर 'मी चूक केली, माफ करा' असा माफीनामा लिहून घेतात. मालक किंवा मॅनेजर पोलीस नसल्याने पोलिसांसमोरच्या कबुलीची बंदी त्यांना लागू नाही, आणि असा कागद खात्याच्या चौकशीत आणि कोर्टात पुढे येतो. व्हॉट्सॲपवरचं 'सॉरी, पैसे मीच घेतले' हेसुद्धा, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचं प्रमाणपत्र जोडलं की. न्यायालयबाह्य कबुली हा दुबळा पुरावा मानतात, पण दुबळा म्हणजे निरुपयोगी नव्हे. आणि किरकोळ खटल्यात दंड भरून मोकळं व्हायला 'गुन्हा कबूल' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा : ती दोषसिद्धी आहे, पुढच्या पोलीस पडताळणीत ती विचारली जाते.

दिलेला कबुलीजबाब मागे घेता येतो. त्याने तो फाईलमधून निघून जात नाही, पण मागे घेतलेल्या कबुलीवर इतर पुराव्याची पुष्टी असल्याशिवाय शिक्षा देणं धोक्याचं, हे कोर्ट पाळतं. सहआरोपीविरुद्ध तर तिचा आधार आणखी कमी : एकत्र खटला असेल तरच, आणि इतर पुरावा आधी उभा असेल तर त्याला टेकू म्हणूनच. मागे घ्यायचा असेल तर उशीर करू नका. जेल अधीक्षकांमार्फत किंवा वकिलामार्फत पहिल्या संधीला लेखी अर्ज द्या आणि त्यात कारण लिहा. दोन वर्षांनी, खटल्याच्या शेवटी कोर्ट आरोपीचा जो जबाब घेतं त्यात पहिल्यांदा 'मारून घेतला' म्हटलं तर ते वाक्य हलकं पडतं.

ज्याच्या घरचं माणूस आत आहे आणि 'उद्या एकशे चौसष्टला नेणार' असं कळलंय, त्याने आज एवढं करावं : तालुका विधी सेवा समितीत जाऊन वकील मागावा, माणूस कधी आणि कुठून उचलला ती तारीख-वेळ कागदावर लिहून वकिलाकडे द्यावी, अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदाची प्रत मागावी. आणि पहिल्या फेरीनंतरची रात्र तो जेलमध्ये होता की लॉकअपमध्ये, हे जेलच्या प्रवेश नोंदवहीतून वेळेसह काढून ठेवावं.